अव्वल टेबल टेनिसपटू घडतो कसा : शरत कमलची बावीस वर्षं आणि तुमच्या मुलीची पुढची सात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी ११ वर्षांची आहे, दोन वर्षं क्लबात टीटी खेळतेय, जिल्हा स्पर्धेत ११ वर्षांखालील गटात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचली. प्रशिक्षक म्हणतात, बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) लावू, भारताच्या मनिका बत्रासारखी खेळेल. अव्वल खेळाडूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी उभी राहते, रोज किती तास द्यायचे, बॅट कोणती घ्यायची, शाळेचं काय करायचं, हे तुम्हाला हवंय.

पिंपल्सचं उत्तर लगेच देतो : आत्ता नको. का, ते शेवटी सांगतो, कारण मधलं सगळं वाचल्याशिवाय ते पटणार नाही.

आधी कारकिर्दीचा आकार बघू. उदाहरण शरत कमलचं घेऊ, कारण भारतात एवढी लांब कारकीर्द दुसऱ्या कुणाची क्वचितच सापडेल. जन्म १९८२. वडील श्रीनिवास राव आणि काका मुरलीधर राव, दोघेही चेन्नईतले प्रशिक्षक. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २००३ साली, दहावं २०२२ साली. मुंबईच्या कमलेश मेहतांचा आठ विजेतेपदांचा विक्रम त्यानं नवव्यांदा जिंकून २०१९ मध्ये मोडला. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण २००६ ला मेलबर्नमध्ये आणि पुन्हा २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये. मधे सोळा वर्षं! ऑलिंपिक पाच खेळला : अथेन्स, बीजिंग, रिओ, टोकियो, पॅरिस. यात लंडन नाही, हेही लक्षात ठेवा. मार्च २०२५ मध्ये चेन्नईच्या स्टार कंटेंडर या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो थांबला.

नुसती यादी वाचली तर वाटतं, प्रतिभावान माणूस, जिंकत गेला. पण या काळात त्याच्या पायाखालचा खेळच कितीदा बदलला ते बघा. २००० साली सिडनी ऑलिंपिकनंतर चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० मिलिमीटर झाला. २००१ मध्ये २१ गुणांचा गेम ११ गुणांचा झाला. २००२ मध्ये हाताआड किंवा अंगाआड लपवून सर्व्हिस करण्यावर बंदी आली. २००८ मध्ये बीजिंगनंतर स्पीड ग्लू गेला. २०१४ मध्ये सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला. पहिले तीन बदल तो वर येत असताना झाले. शेवटचे दोन मात्र ऐन भरात असताना झाले, आणि त्यांनीच पुष्कळ खेळाडूंची कारकीर्द आवरती घेतली.

स्पीड ग्लू म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. मॅचच्या आधी खेळाडू रबर ब्लेडवरून, म्हणजे बॅटच्या लाकडी फळीवरून, सोलून काढायचे आणि स्पंजला द्रावक असलेल्या गोंदाचे थर द्यायचे. स्पंज फुगायचा, वरचा रबराचा पडदा ताणला जायचा, आणि फटक्याला फुकटचा वेग नि फिरकी मिळायची. त्या द्रावकाची वाफ तब्येतीला घातक, म्हणून तो बंद झाला. शरतचा तेव्हाचा खेळ उंच अंगकाठीचा, टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहून मारलेल्या जबरदस्त फोरहँडचा. ग्लू गेल्यावर लांबून मारलेल्या त्याच फटक्यातला दम कमी होतो, कारण गोंद जे देत होता ते आता पायांतून आणि कमरेतून काढावं लागतं.

प्लास्टिकच्या चेंडूनं दुसरी गोची केली. तो किंचित मोठा आणि त्यावर फिरकी कमी चढते. पूर्वी ज्या टॉपस्पिनवर (पुढच्या दिशेनं फिरकी देऊन मारलेल्या फटक्यावर) समोरच्याचा ब्लॉक, म्हणजे बॅट धरून नुसता अडवलेला चेंडू, टेबलाबाहेर जायचा, तो आता परत येऊ लागला. म्हणजे तिसरा चेंडू (सर्व्हिस आणि तिच्या परतीनंतरचा आपला फटका) मारून ‘झालं’ म्हणायची सोय गेली. पाचव्या, सातव्या चेंडूसाठी पाय तयार हवेत आणि टेबलाजवळ उभं राहून बॅकहँड चालवता यायला हवा. शरतचा बॅकहँड ही त्याची जुनी दुखरी बाजू. तिशी ओलांडल्यावर, २०१५ च्या मांडीच्या स्नायूच्या दुखापतीनंतर, त्यानं ती दुरुस्त केली. मेलबर्नचाच खेळ घेऊन तो बर्मिंगहॅमला उतरला असता तर अंतिम सामन्यात लियम पिचफर्डनं त्याला बॅकहँडच्या कोपऱ्यात कोंडून ठेवला असता. प्रत्यक्षात पहिला गेम ११-१३ असा हरून पुढचे चार ११-७, ११-२, ११-६, ११-८ असे त्यानं घेतले. वय ४०. त्याच स्पर्धेत सांघिक सुवर्ण, श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणि साथियनबरोबर पुरुष दुहेरीचं रौप्य.

तर माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. टीटीतली मोठी कारकीर्द म्हणजे एकच खेळ वीस वर्षं खेळणं नव्हे. तीन-चारदा आपला खेळ मोडून नव्यानं बांधणं असतं ते. आणि पुन्हा बांधता येण्याजोगा पाया ११ ते १५ या वयातच पडतो. या वयातली पदकं पायाबद्दल फार कमी सांगतात. १३ वर्षांखालच्या गटात सतत पुश करत राहणारी (चेंडू खालून कापून नुसता ढकलणारी), चूक न करणारी मुलगी जिंकते. तीच १७ च्या गटात दुसऱ्या फेरीत बाहेर पडते, कारण तोवर समोरच्या मुली त्या पुशवर पहिल्याच चेंडूला टॉपस्पिननं हल्ला सुरू करायला शिकलेल्या असतात.

आता तास. ११-१२ व्या वर्षी आठवड्यातून पाच दिवस, दोन-दोन तास पुरे. १४-१५ ला सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. १७ नंतर खरोखर व्यावसायिक व्हायचं असेल तर टेबलावर पाच तास आणि शिवाय व्यायाम. पण तासांपेक्षा त्या तासात होतं काय ते बघा. आपल्याकडे बऱ्याच हॉलमध्ये सव्वा तास ‘फोरहँड-टू-फोरहँड, बॅकहँड-टू-बॅकहँड’ चालतं आणि उरलेल्या वेळात मॅच. पाय एका जागी रुतलेले. दोन तासांची बैठक साधारण अशी हवी : दहा मिनिटं अंग मोकळं करणं, पंधरा मिनिटं साधे फटके, पस्तीस मिनिटं पायांच्या हालचालीचं काम, पंचवीस मिनिटं सर्व्हिस, पंधरा मिनिटं सर्व्हिस घेण्याचा सराव, आणि शेवटी वीस मिनिटं गुण मोजून खेळ. तोही शून्यापासून नको. ८-८ पासून सुरू करा. मुलांना दडपण कळतं ते तिथे.

पायांसाठी मल्टीबॉल हवं. प्रशिक्षकाकडे शंभर-दीडशे चेंडूंची टोपली आणि तो एकामागून एक चेंडू देत राहतो. एक फेरी ३० ते ४० सेकंदांची, मग तेवढीच किंवा थोडी जास्त विश्रांती, अशा आठ-दहा फेऱ्या. लहान मुलांना दोन-दोन मिनिटांच्या सलग फेऱ्या देणारे प्रशिक्षक आहेत. त्यात दम वाढतो असं वाटतं, पण चाळिसाव्या सेकंदानंतर मुलगी पायांनी पोचणं सोडून हात लांब करायला लागते, आणि नेमकी तीच सवय पक्की होते.

एकच ड्रिल निवडायचं असेल तर फाल्केनबर्ग निवडा. बॅकहँडच्या कोपऱ्यातून बॅकहँड, त्याच कोपऱ्यात डावीकडे सरकून फोरहँड, मग धावत उजव्या कोपऱ्यात फोरहँड, आणि परत. (डावखुऱ्यांना उलट.) यात बिघडतं ते तिसऱ्या आणि पहिल्या चेंडूच्या मधे. उजवीकडे मारल्यावर मुलगी फटक्याच्या कौतुकात थांबते आणि परतीचं पहिलं पाऊल उशिरा पडतं. बघायचं ते फटका नव्हे, फटक्यानंतरचं पाऊल. हॉलच्या बाकावर बसून पालकाला जे बघता येतं त्यात हे सगळ्यात उपयोगी.

सर्व्हिसवर जरा रेंगाळतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त आबाळ हिचीच होते, आणि ही एकच गोष्ट अशी की जिला जोडीदार लागत नाही. ११ गुणांचा गेम ११-९ असा संपला तर वीस गुण खेळले गेले, त्यातले दहा तुमच्या सर्व्हिसवर. म्हणजे निम्मा खेळ तुमच्या हातात असताना सुरू होतो!

नियम आधी पक्के करा. चेंडू उघड्या, सपाट तळव्यावर स्थिर. तो टेबलाच्या पातळीच्या वर आणि शेवटच्या रेषेच्या मागे. जवळपास सरळ वर, किमान १६ सेंटिमीटर उडवायचा, खाली येताना मारायचा, आणि हा सगळा वेळ तो समोरच्या खेळाडूला दिसला पाहिजे. मोकळा हात लगेच बाजूला घ्यायचा. जिल्हा पातळीवर पंच डोळेझाक करतात. राष्ट्रीय स्पर्धेत ९-९ ला फॉल्ट मिळतो तेव्हा मुलगी रडते, आणि चूक चार वर्षांपूर्वीच्या हॉलमधली असते.

सराव असा : रोज वीस-पंचवीस मिनिटं, एक टोपली चेंडू, समोर रिकामं टेबल. वहीचा एक मोठा कागद टेबलावर चिकटवा आणि त्यावर टप्पा पाडायचा. आखूड सर्व्हिसमध्ये, कुणी चेंडू घेतलाच नाही तर समोरच्या बाजूला त्याचे दोन टप्पे पडले पाहिजेत. आणि उत्तम सर्व्हिसचा दुसरा टप्पा अगदी शेवटच्या रेषेजवळ पडतो, म्हणजे घेणाऱ्याला ‘मारू की ढकलू’ हे ठरवता येत नाही. दुसरा टप्पा जाळीजवळच पडत असेल तर ती सर्व्हिस समोरच्याला फ्लिक करायला, म्हणजे मनगटानं झटकून मारायला, सोपी. लांब वेगवान सर्व्हिसचा पहिला टप्पा आपल्याच शेवटच्या रेषेजवळ हवा; मधे पडला तर चेंडू बाहेर तरी जातो नाही तर उंच उठतो. चेंडूला बॅट लागते ती जाळीच्या उंचीच्या आसपास. छातीपाशी मारला तर टप्पा उंच येणारच.

एकाच हालचालीतून दोन वेगळ्या फिरक्या काढता येणं, हे सर्व्हिसचं मर्म. जोरात खालून कट (उलटी फिरकी) मारलेला चेंडू आणि त्याच हालचालीत बॅट न घासता नुसता ढकललेला, बिनफिरकीचा चेंडू. दोन्ही सारखे दिसले की पुशवर चेंडू उंच उठतो आणि तिसरा चेंडू मारायला मिळतो. तेराव्या वर्षापर्यंत एवढी एक जोडी आणि एक लांब सर्व्हिस पुरे. यूट्यूबवर बघून सात प्रकार अर्धवट शिकण्यात काही हशील नाही.

सर्व्हिसला मर्यादाही असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये शरत चीनच्या मा लाँगशी खेळला तो सामना मिळाला तर बघा. ७-११, ११-८, ११-१३ आणि मग ४-११, ४-११. पहिल्या तीन गेममध्ये चेंडूला चेंडू, नंतर दार बंद. मोठे खेळाडू तीन गेममध्ये तुमची सर्व्हिस आणि तिच्यामागून येणारा चेंडू, दोन्ही वाचून घेतात; मग तुमच्याकडे दुसरी योजना लागते. ११-१२ व्या वर्षी ‘दुसरी योजना’ म्हणजे एवढंच : टाइमआउट कधी घ्यायचा, हे ठाऊक असणं. सामन्यात एकच मिळतो, एका मिनिटाचा. बहुतेक मुलं तो २-९ असताना घेतात. ७-४ ने पुढे असताना सलग तीन गुण गेले की घ्यायचा असतो.

सर्व्हिस घेणं, म्हणजे रिसीव्ह, हे सर्व्हिसपेक्षा अवघड आणि शिकवायला कंटाळवाणं. थोडक्यात एवढंच : फटक्याची दिशा ठरवण्याआधी समोरच्याच्या बॅटचा चेंडूशी स्पर्श बघायचा, हवेतली हातवाऱ्यांची नक्षी बघायची नाही. आखूड चेंडूला उजवा पाय टेबलाखाली जाऊन परत मागे आला पाहिजे. बाराव्या-तेराव्या वर्षी चिकिटा, म्हणजे आखूड चेंडूवर मनगट वळवून मारलेला बॅकहँड, शिकवायला घ्यावा. आजच्या खेळात तो नसेल तर बॅकहँडची बाजू उघडीच राहते.

बॅट. या वयाला कार्बनचं ब्लेड नको, दुकानदार कितीही म्हणाला तरी. पाच थरांचं पूर्ण लाकडी ब्लेड, ८० ते ८५ ग्रॅम. दोन्ही बाजूंना साधं, गुळगुळीत, चेंडू धरणारं रबर, स्पंज १.८ ते २.० मिलिमीटर, मऊ ते मध्यम. रबरांसकट वजन १७० ग्रॅमच्या आसपास राहावं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. मोठ्यांची १८५-१९० ग्रॅमची बॅट या वयात दिली की मनगट बंद होतं आणि खांदा दुखायला लागतो. वेगवान बॅटनं मुलगी सहा महिने जिंकेल, पण हात आखूड करून ठोकायला शिकेल. पूर्ण फटका येणारच नाही.

रबराचं आयुष्य दिवसांत मोजू नका, तासांत मोजा. चांगलं रबर साधारण ८० ते १०० तास पूर्ण पकड देतं. आठवड्याला दहा तास खेळणाऱ्या मुलीचं रबर अडीच महिन्यांत उतरतं. खर्चाचा विचार करता तीन-साडेतीन महिने ओढायला हरकत नाही, त्यापुढे नको. मधला भाग चकचकीत दिसायला लागला की समजा. जुन्या रबरावर चेंडू घसरतो, मग मुलगी नकळत फटक्याचा कोन बदलते, आणि नवं रबर लावल्यावर चेंडू चार हात बाहेर जातात.

मुंबई-कोकण-गोव्याकडच्या पावसाळ्याबद्दल पुस्तकांत सापडत नाही ते सांगतो. दमट हवेत रबरावर न दिसणारा ओलावा बसतो आणि फिरकी चढतच नाही. खेळाडूला वाटतं आपलाच हात बिघडला. सुती रुमाल बरोबर ठेवा. मॅचमध्ये दर सहा गुणांनंतर टॉवेल घेता येतो, तेव्हा घामाबरोबर बॅटही पुसा. बॅटच्या पाकिटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि रबरावर संरक्षक फिल्म लावा. पाण्यावर आधारित गोंद एरवी पंधरा-वीस मिनिटांत पांढऱ्याचा पारदर्शक होतो, जुलैत तासभरही लागतो. पांढरा असतानाच चिकटवला तर मधे फुगा राहतो, आणि पंच बॅट तपासताना तो हाताला लागतो. रबर अधिक वेगवान करायचं म्हणून बाजारात मिळणारी तेलं लावू नका; रबरावर कोणतीही रासायनिक प्रक्रिया नियमात बसत नाही. आणि हो, सराव पंखा बंद करून. पंख्याखाली शिकलेली सर्व्हिस बंद स्टेडियममध्ये दुसरीकडेच जाते.

बूट टीटी किंवा बॅडमिंटनचे, सपाट गम सोलचे. धावण्याच्या बुटांची टाच उंच असते, बाजूला सरकताना घोटा मुरगळतो. शरीराकडे या वयात एवढंच बघा : दोरीवरच्या उड्या, आडव्या दिशेनं सरकणं, पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, आठवड्यातून तीनदा. वजनं उचलायची घाई नको. एकाच ठिकाणी सलग तीन दिवस दुखलं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा, ‘अंगवळणी पडेल’ म्हणू नका. टीटीत खांदा, कंबर आणि गुडघा हे तिघं कारकीर्द संपवतात, आणि त्यांची सुरुवात वाढीच्या वयातच होते.

स्पर्धांची शिडी अशी : जिल्हा, मग राज्य मानांकन स्पर्धा, मग राष्ट्रीय मानांकन स्पर्धा, वयोगट ११, १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील. वर्षाला दहा-बारा स्पर्धा पुष्कळ झाल्या. दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे खेळणाऱ्या मुलांचा खेळ जिथल्या तिथे राहतो, कारण नवा फटका रुजायला सहा-आठ आठवडे लागतात आणि त्या काळात हरायची तयारी लागते. दर आठवड्याला स्पर्धा असेल तर मुलगी नवा फटका वापरणारच नाही. वर्षातून निदान दोनदा, दोन-दोन महिने, एकही स्पर्धा नाही असे मोकळे ठेवा. मघाशी म्हटलं ते मोडून बांधणं याच काळात होतं.

पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर युथ कंटेंडर स्पर्धा, मग मोठ्यांच्या फीडर, कंटेंडर, स्टार कंटेंडर, चॅम्पियन्स आणि ग्रँड स्मॅश. विजेत्याला अनुक्रमे १२५, ४००, ६००, १००० आणि २००० गुण. जागतिक क्रमवारी बारा महिन्यांतल्या सर्वोत्तम आठ निकालांवर ठरते, म्हणजे बारा महिने झाले की जुने गुण गळून पडतात. हा हिशेब कळल्याशिवाय परदेशी दौऱ्यावर पैसे घालू नका. तिकीट, व्हिसा, हॉटेल बहुतेकदा खिशातून जातं आणि पात्रता फेरीत हरलं की हाती फार काही येत नाही. मुख्य फेरीत नाव लागेल अशा फीडर निवडाव्यात. श्रीजा अकुला जानेवारी २०२४ मध्ये कॉर्पस क्रिस्टीची फीडर जिंकली, त्याच जूनमध्ये लागोसची कंटेंडर, आणि त्यानंतर पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेवटच्या सोळांत होती. पायऱ्या खालून चढल्या तर किती वेगानं चढता येतात याचं हे ताजं उदाहरण. गोव्यात २०२३ आणि २०२४ ला स्टार कंटेंडर झाली होती. भारतात अशी स्पर्धा पुन्हा कुठे भरली तर मुलीला मुख्य सामन्यांना नेण्याऐवजी सकाळी सरावाच्या टेबलांपाशी न्या. जगातले पहिले वीस खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवर किती वेळ घालवतात, ते तिथेच दिसतं.

पैशाचं स्पष्ट बोलू. भारतात टीटीपटूला स्थैर्य देते ती नोकरी. शरत इंडियन ऑइलमध्ये, साथियन ओएनजीसीत, श्रीजा रिझर्व्ह बँकेत. पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे, बँका यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र उतरतात आणि खेळाडूला सरावासाठी वेळ देतात. २०१७ पासून अल्टिमेट टेबल टेनिस लीगही आहे, पण ती वर्षातले थोडे आठवडे. जर्मनीची लीग ही खरी शाळा. शरत तिथे बोरुसिया ड्युसेलडॉर्फकडून खेळला. तिथे मोसमभर तगड्या खेळाडूंशी घरच्या नि बाहेरच्या मैदानावर सामने होतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहावं लागतं. तो विचार अठराव्या वर्षी. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. स्पर्धेची प्रमाणपत्रं पहिल्या वर्षापासून एका फाइलीत लावून ठेवा. नंतर शोधताना पळापळ होते.

शाळा सोडवू नका. सकाळच्या सरावासाठी शाळेकडून पहिल्या तासाची सवलत मिळते का ते बघा, बाकी आत्ता काही बदलायची गरज नाही.

आता पिंपल्स. लाँग पिंपल्सचे दाणे लांब आणि बाहेरच्या बाजूला असतात. चेंडू लागला की ते वाकतात आणि आलेली फिरकी तशीच परत जाते. समोरच्यानं जोरदार टॉपस्पिन मारला तर ब्लॉकवर कट येतो, पुश केला तर हलका टॉपस्पिन येतो. समोरच्याला सगळं उलटं. म्हणूनच १३ वर्षांखालच्या गटात पिंपल्सवाली मुलगी धडाधड जिंकते : समोरच्यांना ते खेळायचं कसं ते माहीतच नसतं. प्रशिक्षकाला निकाल दिसतात, पालकांना पदकं.

पण पिंपल्स स्वतः काही निर्माण करत नाहीत. समोरच्यानं बिनफिरकीचा, संथ चेंडू दिला की त्यांच्याकडे परतवायला काहीच उरत नाही, चेंडू उंच आणि रिकामा जातो. १७ च्या गटापर्यंत सगळ्या मुली हे शिकतात. आणि मधल्या पाच वर्षांत तुमच्या मुलीचा बॅकहँड टॉपस्पिन तयारच झालेला नसतो, म्हणजे पुन्हा बांधायला पाया नाही. मनिकाकडे बघून नक्कल करणारे तिच्या अर्ध्याच गोष्टी बघतात. ती रॅली चालू असताना बॅट बोटांत फिरवून बॅकहँडला साधं रबर आणते आणि हल्ला करते, पिंपल्सनंही नुसता ब्लॉक न करता पुढे जाऊन दाबते, आणि तिचा फोरहँड स्वतंत्रपणे दर्जेदार आहे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं ते या सगळ्याच्या जोरावर. ऐहिका मुखर्जी अँटी-स्पिन (फिरकी जवळजवळ न धरणारं) रबर वापरते आणि २०२४ ला बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत तिनं तेव्हाच्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं, तेही खरं. या रबरांत गैर काहीच नाही. प्रश्न आधी काय शिकायचं याचा आहे.

म्हणून प्रशिक्षकांना असं सांगा : चौदा वर्षांपर्यंत दोन्ही बाजूंना साधं रबर. तोवर तिला बॅकहँडनं कट चेंडूवर सलग दहा टॉपस्पिन टेबलावर ठेवता आले पाहिजेत, आणि रॅलीत बॅट फिरवण्याचा खेळ आत्तापासून गंमत म्हणून करू द्या, पिंपल्स नसतानाही. मग तिची उंची, तिचे पाय आणि तिला मागे उभं राहून खेळायला आवडतं की टेबलाला चिकटून, हे बघून ठरवा. लावायचेच ठरलं तर स्पर्धा नसलेल्या दोन महिन्यांत लावा, दुसरी बॅट घेऊन, आणि जुनी बॅट तशीच ठेवून. पहिले तीन आठवडे बॅकहँडचं अंतर चुकेल, चेंडू जाळीत जातील. तेव्हा बॅट बदलू नका, चेंडू थोडा पुढे येऊ देऊन उशिरा घ्यायला सांगा.